पंच्यापासून गाडीपर्यंत : मागचे पाय गेलेल्या कुत्र्याला पुन्हा चालतं करताना

कुत्र्याचे मागचे पाय गेले की पहिल्याच रात्री घरातलं कुणीतरी मोबाइलवर व्हीलचेअर शोधायला लागतं. आमच्या घरात ती मी होते. तांबूला दुधाच्या टेम्पोने उडवून चार दिवस झाले होते, मागच्या पायांत आता फारसं काही येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि रात्री एक वाजता मी नुसत्या अंदाजाने मधल्या मापाची गाडी मागवून टाकली. गाडी आली ती दोन बोटं उंच आणि चांगली चार बोटं रुंद. तांबूचा मागचा भाग वर, छाती खाली. दोन पावलं टाकून ती जागच्या जागी थिजली आणि माझ्याकडे बघत राहिली.

आज तिची तिसरी गाडी चालू आहे आणि ओळखीपाळखीतल्या सात-आठ कुत्र्यांची मापं मी घेतली आहेत. नव्याने या वाटेला लागलेल्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते : गाडी हे दिवसातल्या तासाभराचं साधन आहे. उरलेले तेवीस तास कुत्रं फरशीवर, अंथरुणावर आणि आपल्या हातात असतं. त्या तेवीस तासांची सोय आधी लावा. त्यातली बरीचशी आजच्या आज, घरातल्या वस्तूंनी लागते. म्हणून या लेखात गाडी उशिरा येईल.

पाय का गेले, ते आधी

अचानक गेले की हळूहळू, हा पहिला प्रश्न. सकाळी नीट जिना उतरलेलं कुत्रं संध्याकाळी मागचं अंग ओढत असेल तर तेल, मालिश, गाडी सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डॅशहंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्यांत मणक्यांमधली चकती सरकून मज्जारज्जूवर दाब येतो. पायाची खोलवरची वेदनाही कळेनाशी झाली असेल तर शस्त्रक्रियेचा निर्णय तासांच्या हिशेबाने घ्यावा लागतो. ही वेदना तपासायला डॉक्टर बोटाचं हाड चिमट्यात दाबतात. घरी आपण बोट दाबून बघतो, पाय मागे ओढला गेला की जिवात जीव येतो. पण पाय ओढला जाणं ही खालच्या खाली, आपोआप होणारी क्रिया असू शकते. कळ मेंदूपर्यंत पोचली की नाही हे कुत्र्याने वळून बघितलं का, कण्हलं का, चावायला आलं का, यावर ठरतं. तो निवाडा डॉक्टरांनाच करू द्या.

अपघात असेल तर काखेत हात घालून उचलू नका. प्लायवूडचा तुकडा, जुन्या कपाटाची फळी, काहीच नसेल तर दोघांनी चारी कोपरे ताणून धरलेली चादर घ्या आणि पाठ न वाकवता कुत्र्याला त्यावर सरकवा. वेदनेत लाडकं कुत्रंही चावतं, तेव्हा तोंडाला कापडी पट्टीचा फास घाला. धाप लागली असेल किंवा उलटी होत असेल तर मात्र तोंड बांधायचं नाही.

आणि एक गोष्ट जिवाची म्हणून सांगते. रस्त्यावरचं, लस झाली की नाही माहीत नसलेलं कुत्रं मागून लुळं पडत चाललं असेल, लाळ गळत असेल, खालचा जबडा लोंबत असेल, भुंकण्याचा आवाज बदलला असेल, तर तो रेबीज असू शकतो. रेबीज झालेलं प्रत्येक कुत्रं पिसाळून धावत नाही. काही नुसती लुळी पडत जातात. घशात हाडूक अडकलंय असं समजून तोंडात हात घालू नका. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ असं काही झालं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.

हळूहळू जाणाऱ्या पायांची गोष्ट वेगळी. लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर यांच्यात बहुतेकदा खुब्याच्या सांध्यातला दोष आणि त्यामागून येणारा संधिवात असतो. तो दुखतो. उठताना कुत्रं कण्हतं, जिन्यापाशी थांबतं, मोटारीत उडी मारायचं सोडून देतं. तिथे आधी औषध आणि वजन. म्हाताऱ्या जर्मन शेफर्डमध्ये डीजनरेटिव्ह मायलोपथी नावाचा मज्जारज्जूचा आजार येतो. त्यात वेदना नसते. चालताना रस्त्यावर नख घासल्याचा खर्र खर्र आवाज येतो आणि मधली दोन नखं पुढून झिजलेली दिसतात. हा आजार मागून पुढे सरकत जातो, त्यामुळे गाडी घेताना पुढच्या वर्षाचाही विचार करावा लागतो. गावठी कुत्र्यांत डिस्टेंपर या विषाणूच्या आजारातून वाचलेल्यांचे पाय कमजोर राहतात आणि एखादा स्नायू घड्याळासारखा लयीत उडत राहतो. गोचीडतापातही मागचं अंग ढिलं पडतं. ते औषधाने सुधारू शकतं, म्हणून रक्त तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

घरातली ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल यातलं काहीही स्वतःच्या मनाने देऊ नका. कुत्र्याची मूत्रपिंडं, यकृत आणि पोटाचं अस्तर यांना ती महागात पडतात.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एक्स-रेची सोय नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे ती आहेत. परळचं महाविद्यालय १८८६ सालचं, आणि तिथलंच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय त्याहूनही जुनं. लंगडी-लुळी जनावरं बघायची सवय असलेले डॉक्टर अशा ठिकाणी भेटतात. जाताना तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. मणका स्थिर आहे का? सक्तीची विश्रांती किती आठवडे? लघवी आपली आपण होते की काढावी लागेल? चकतीच्या दुखण्यात चार ते सहा आठवडे पिंजऱ्यात ठेवायला सांगतात. तेवढे दिवस गाडीचं नावही काढायचं नाही. ती विश्रांतीच उपचार असते.

आजपासून वापरायचा पंचा

कुत्र्याला शी-शूला बाहेर न्यायला आधार हवा असतो तो आज, कुरियर येईल तेव्हा नव्हे. एक जाड टॉवेल, जुना पंचा किंवा सुती साडीची चौघडी घ्या. ती पोटाखालून, मागच्या मांड्यांच्या अगदी पुढे घाला. दोन्ही टोकं पाठीवर एकत्र धरा आणि मागचं अंग पाठीच्या रेषेत येईल इतकंच उचला. लोक दोन चुका करतात. एक म्हणजे पट्टी पोटाच्या मधोमध घेतात, तिने श्वास अडतो आणि पोट दाबलं जातं. दुसरी म्हणजे घाबरून फार वर उचलतात. मग सगळा भार पुढच्या मनगटांवर येतो आणि कुत्रं तोंडावर पडतं. नर असेल तर पट्टी लिंगावर येत नाही ना ते बघा, नाहीतर तो लघवीच करणार नाही.

टोकांना निवारपट्टीचे लांब बंद शिवून घ्या, म्हणजे तुम्हाला वाकावं लागणार नाही. कुत्र्याइतकीच तुमची कंबर महत्त्वाची आहे. पंचवीस किलोचा लॅब्रेडॉर दिवसातून पाच वेळा वाकून उचलला तर आठवड्यात घरात दोन रुग्ण होतात.

पुढे महिने काढायचे असतील तर मागच्या दोन्ही पायांना भोकं असलेला, वर मूठ असलेला हार्नेस, म्हणजे अंगात घालायचा पट्ट्यांचा साज, घ्या. चकतीचं दुखणं असेल तर छातीचा आणि मागचा असे दोन्ही आधार असलेला, म्हणजे पाठ मधून पिळली जात नाही. पायांत थोडी ताकद शिल्लक असलेल्या बऱ्याच म्हाताऱ्या कुत्र्यांचं आयुष्य एवढ्यावर नीट निघतं. त्यांना गाडी लागतच नाही.

फरशी

आपल्या घरांतल्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स हा कमजोर पायांचा सगळ्यात मोठा शत्रू. पाय फाकतात, कुत्रं घाबरतं, उठायचंच सोडून देतं, आणि आपल्याला वाटतं आजार वाढला. अंथरूण ते पाणी, पाणी ते दार अशी एक सलग वाट करा. नुसती सतरंजी टाकू नका, ती टाइलवर कुत्र्यासकट सरकते. खाली रबरी जाळी टाकून वर सतरंजी, किंवा सरळ योगासनाच्या जुन्या चटया शेजारी शेजारी. मुलांच्या खोलीत घालतात ते एकमेकांत अडकणारे फोमचे चौकोन उत्तम, शिवाय एकेक काढून धुता येतात.

अंगणात शहाबादी फरशी असेल तर पकड चांगली मिळते, पण खरबरीत कोब्यावर ओढणाऱ्या पायाची कातडी दोन दिवसांत जाते. नखं वेळेवर कापा आणि पंज्याच्या गाद्यांमधले केस गोल टोकाच्या कात्रीने काढा. पाण्याचं भांडं कोपराच्या उंचीवर ठेवा. जिन्याला आडवी फळी लावा.

पंजे

मज्जारज्जूच्या आजारात पंजा उलटा पडतो आणि कुत्रं त्याच्या वरच्या बाजूवर चालतं. तिथलं कातडं पातळ असतं. रबरी तळव्याचे बूट घ्या. तान्ह्या बाळाचे मोजे गळून पडतात आणि घसरतातही. बुटाला किंवा पट्टीला रबरबँड कधीही लावू नका. ज्या पायाला कळ समजत नाही तो पाय रक्तपुरवठा थांबला तरी तक्रार करत नाही. बूट काढल्यावर मधल्या दोन बोटांची नखं एकमेकांपासून लांब गेलेली दिसली तर पंजा सुजलाय, बूट घट्ट होतोय. घरात असताना बूट काढून पंजे कोरडे होऊ द्या, पावसाळ्यात तर नक्कीच.

पाय ओढत घरभर फिरणाऱ्या कुत्र्याला मागून घालायची गुळगुळीत कापडाची पिशवी मिळते. पॅराशूट कापडाची घरी शिवताही येते. मात्र आत लघवी झाली तर लगेच बदलायची.

लघवी, अंथरूण, अळ्या

हा भाग कुणी आपणहून विचारत नाही, आणि कुत्री दगावतात ती बहुतेक इथेच.

'लघवी होतेय की, गळतेय सारखी' असं घरचे सांगतात. गळणं म्हणजे होणं नव्हे. मूत्राशय तुडुंब भरलं की वरचं ओसंडतं, आतलं तसंच साठून राहतं, सडतं आणि संसर्ग मूत्रपिंडांपर्यंत जातो. अशा कुत्र्याची लघवी दिवसातून तीन-चार वेळा हाताने काढावी लागते. ही गोष्ट वाचून शिकायची नाही. डॉक्टरांनी तुमच्या हातावर हात ठेवून दाखवायला हवी. मला पहिले चार दिवस काहीच सापडत नव्हतं. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी माझे दोन्ही तळवे मांड्यांच्या पुढे, पोटाच्या दोन बाजूंना ठेवले, बोटं सपाट धरायला लावली आणि सावकाश आत घ्यायला सांगितलं. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं काहीतरी हातांमधून निसटत होतं. ते एकदा कळलं की विसरत नाही. हिसका द्यायचा नाही, सलग दाब ठेवायचा, धार थांबली की पुन्हा एकदा चाचपायचं. फुगा घट्ट आहे आणि काही केल्या धार येत नाही, तर जोर लावू नका. डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध असतं. लघवीला उग्र वास, गढूळपणा, रक्त, ताप यातलं काहीही दिसलं तर तपासणी त्याच दिवशी.

शी बहुधा आपली आपण होते. न झाल्यास कोमट पाण्यात भिजवलेला कापूस गुदद्वाराला हलके लावला की होते.

अंथरुणाला कापसाची गादी नको. ती आठवड्यात बसते आणि लघवी पिते. जाड, दाबल्यावर तळाला न टेकणारा फोम, त्यावर रेक्झिनचं आवरण, वर सुती चादर, अशी रचना करा. दर चार तासांनी कूस बदला. खुब्याचं टोक, कोपर, टाच या हाडांच्या जागी केस विरळ झाले, कातडी लाल दिसली की समजायचं, जखम होऊ घातली आहे. पावसाळ्यात उघडी जखम किंवा लघवीने ओला राहिलेला मागचा भाग म्हणजे माश्यांना आमंत्रण, आणि एका दिवसात अळ्या होतात. दिवसातून दोनदा शेपटीखाली, मांड्यांमध्ये, पंज्यांमध्ये चांगल्या उजेडात बघा. कुजका वास आला किंवा कातडीत बारीक भोक दिसलं तर टर्पेंटाइन ओतू नका, कातडी जळते. दवाखान्यात न्या. आत किती खोल गेल्या आहेत ते वरून कळत नाही.

डायपर प्रवासापुरता ठीक. दिवसभर घातला तर तोच जखम करतो.

सकाळ-संध्याकाळ मागच्या पायांना व्यायाम द्या : कुशीवर निजवून एकेक पाय सायकल मारल्यासारखा दहा-पंधरा वेळा सावकाश फिरवायचा. बोटंही वाकवायची, सरळ करायची. खांदे आणि मान चोळून द्या, सगळा भार आता तेच वाहत असतात. आणि वजन. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. लाडाने दिलेली प्रत्येक बिस्किटं-पोळी पुढच्या पायांना उचलावी लागते.

गाडी कुणाला

पुढचे पाय खणखणीत, मणका स्थिर, वेदना आटोक्यात, डॉक्टरांची संमती. हे चारही जमत असतील तरच. दोन चाकांची, मागचं अंग उचलणारी गाडी बहुतेकांना पुरते. पुढचे पायही डगमगत असतील तर चार चाकांची. एक मागचा पाय कापलेल्या कुत्र्याला सहसा कसलीच गाडी लागत नाही, तिन्ही पायांवर ती झकास पळतात. पुढचा पाय नसेल आणि वजन जास्त असेल तर वेगळा विचार.

माप

दोन माणसं लागतात. एकाने पंच्याने मागचं अंग उचलून पाठ सपाट धरायची, दुसऱ्याने मोजायचं. कुत्र्याची नेहमीची उंची आठवत नसेल तर अपघाताआधीचा, बाजूने काढलेला फोटो बघा.

जमिनीपासून मांडी आणि पोट जिथे मिळतात त्या कातडीच्या घडीपर्यंतची उंची हे सगळ्यात महत्त्वाचं माप. मग मांड्यांची रुंदी. टेप अंगावरून नेला तर वळणामुळे माप जास्त येतं, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक जाड पुस्तक उभं धरा आणि पुस्तकांमधलं अंतर मोजा. मग कोपराच्या मागून मांडीच्या पुढच्या कडेपर्यंतची लांबी, कोपरामागचा छातीचा घेर, जमिनीपासून खांद्याच्या मध्यापर्यंतची उंची. वजनासाठी कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग तुमचं वजन वजा करा. प्रत्येक माप तीनदा घ्या. दोनदा सारखं आलं तर ते धरा. कुत्रं थकलं, खचलं की एका बोटाचा फरक सहज पडतो, आणि एक बोट इथे खूप असतं.

घरी बनवायची तर

दहा-बारा किलोपर्यंतच्या कुत्र्याला पाऊण इंची पीव्हीसी पाइपची गाडी छान होते. त्यावरच्या कुत्र्याला मी पीव्हीसी सुचवत नाही, पाइप वाकतो आणि तोल जातो. ॲल्युमिनियमची चौकट फॅब्रिकेटरकडून करून घ्या किंवा मापाची विकत घ्या. पाइप, टी आणि एल्बो हे जोड, आणि ते चिकटवायचं सोल्युशन हे सगळं प्लंबिंगच्या दुकानात मिळतं. चाकं बाबागाडीची किंवा मुलांच्या छोट्या सायकलची. खडबडीत रस्त्याला मोठं चाक बरं, लहान चाक प्रत्येक खड्ड्यात अडतं.

अंगाच्या दोन्ही बाजूंनी दोन लांब दांड्या, शेपटीमागून त्यांना जोडणारी आडवी दांडी, दोन्हीकडे टी लावून खाली उतरणारे पाय आणि त्यांना चाकं. दोन्ही चाकांमधून एकच थ्रेडेड रॉड, म्हणजे आटे असलेली सळई, घालणं मजबूत पडतं, पण कुत्र्याचे पाय त्याच्या वर टांगून ठेवायचे असतील तरच. पुढे दांड्यांना पाइपने जोडू नका. एक पट्टा खांद्यांवरून आणि एक छातीखालून घ्या. पट्टे, बकल आणि पाय अडकवायची खोगीर यांचं काम बॅग दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. आमच्या पेठेतल्या काकांनी तांबूची खोगीर निवारपट्टी आणि रेक्झिनची शिवली ती चार पावसाळे टिकली. मांड्यांना लागणाऱ्या कडांवर एसीच्या नळ्यांवर चढवतात तो काळा फोम चढवा. शी-शूची जागा मोकळी राहिली पाहिजे.

सोल्युशन लगेच लावू नका. सांधे नुसते दाबून बसवा, आठवडाभर वापरा, उंची-लांबी कापून जुळवा, आणि तोल मनासारखा झाला की मगच चिकटवा.

तोल

बैलगाडी ज्यांनी हाकली त्यांना हे सांगावं लागत नाही. भार आसाच्या मागे गेला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. भार फार पुढे आला तर बैलांच्या माना मोडतात. कुत्र्याच्या गाडीचंही तेच. आस मागे सरकवला की पुढच्या पायांवर भार वाढतो, पुढे आणला की कमी होतो. कुत्रं गाडीत उभं असताना दोन्ही दांड्यांच्या पुढच्या टोकांखाली एकेक बोट घालून उचलून बघा. किंचित वजन जाणवलं पाहिजे, इतकंच. दांड्या आपोआप वर येऊन छातीचा पट्टा ताणला जात असेल तर गाडी उलाळ आहे. बोटाला जड लागत असेल तर खांद्यांना त्याहून जड लागतंय.

मग बाजूने बघा. खांद्यापासून शेपटीपर्यंत पाठ सपाट हवी. कमानीसारखी वर आली किंवा मधून झोळ पडला तर उंची किंवा लांबी चुकली आहे. मग मागून बघा. दोन्ही चाकं वेगवेगळ्या आसांवर असतील तर ती खाली किंचित बाहेर फाकलेली असावीत, म्हणजे वळताना गाडी कलंडत नाही. पायांत अजिबात जीव नसेल तर ते मागच्या दोऱ्यांत टांगून ठेवा. थोडी जरी हालचाल असेल तर पंजे जमिनीला टेकतील एवढे खाली सोडा, तो चालताना मिळणारा व्यायाम आहे.

पहिला पंधरवडा

पहिल्या दिवशी गाडी नुसती ओट्यावर ठेवून द्या आणि तिच्याभोवती उकडलेल्या कलेजीचे तुकडे टाका. दुसऱ्या दिवशी गाडी पुढे-मागे ढकलून आवाज ऐकवा. मग पट्टे न आवळता नुसतं आत उभं करा, कलेजी द्या, बाहेर काढा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पट्टे लावून पाच मिनिटं, सपाट जागी. बरीच कुत्री आधी थिजतात, मग मागे मागे जातात. ओढू नका, ढकलू नका. दहा पावलांवर बसून हाक मारा. मापाच्या गाडीत तांबूने पहिलं पाऊल टाकलं ते समोरच्या वाड्यातली मांजर दिसली म्हणून. मी कलेजी हातात धरून उभीच राहिले आणि ती माझ्या शेजारून खडखडत निघून गेली.

दिवसाआड दोन-तीन मिनिटं वाढवत पंधरा दिवसांत वीस मिनिटांवर या. गाडीत कुत्र्याला आडवं होता येत नाही, त्यामुळे दमल्यावर ते उभ्यानेच झोपेला येतं, त्याआधी काढा. गाडीत असताना एक मिनिटही एकटं सोडू नका. दाराच्या चौकटीत चाक अडकतं, उतारावर गाडी मागून ढकलते, आणि दुसरं कुत्रं अंगावर आलं तर याला पळता किंवा पडतं घेता येत नाही. दर वेळी गाडी काढल्यावर काखा, जांघा आणि छातीखालची कातडी बोटांनी चाचपा. लाल दिसलं तर त्या दिवसापुरती गाडी बंद आणि तिथला फोम बदला.

रस्त्यावरचं कुत्रं

गल्लीतल्या लुळ्या कुत्र्याला वर्गणी काढून गाडी घालतात, फोटो काढतात आणि तिथेच सोडतात. असं करू नका. संध्याकाळपर्यंत त्या पट्ट्यांखाली जखमा होतात, आणि रात्री गाडीसकट नाल्यात पडलं तर वर येता येत नाही. आधी त्याला कायमची जागा आणि दिवसातून चार वेळा हात लावणारं माणूस शोधा, मग गाडीचं बघू. ज्यांच्याकडे कुत्रं गेल्यावर गाडी नुसती पडून आहे त्यांच्याकडून जुनी मागायला लाजू नका. फक्त आधी मापं जुळवा.

देखभाल

महिन्यातून एकदा मापं पुन्हा घ्या. मांड्यांचे स्नायू आटतात आणि खोगीर ढिली होते, खांदे भरतात आणि पट्टा आवळतो. पावसातून आल्यावर चाकं धुऊन पुसा आणि बेअरिंगला थेंबभर तेल सोडा. खोगीर दोन ठेवा, एक वाळत असताना दुसरी. दर रविवारी सगळे स्क्रू पान्याने आवळा. पुढचे पाय थकायला लागले, कुत्रं गाडीकडे पाठ फिरवायला लागलं, तर जबरदस्ती न करता डॉक्टरांशी बोला. चार चाकांवर जायची ती वेळ असते, किंवा नुसतं उन्हात अंथरूण घालून शेजारी बसायची.

तांबू आता दहा वर्षांची आहे. बोल्ट ढिला झाला की डावं चाक किरकिरतं, आणि माझ्या लक्षात यायच्या आधी तीच थांबते, मान वळवून चाकाकडे बघते आणि मी पाना आणेपर्यंत हलत नाही.